चिंचमाळावरचं उघडं भिंग

शिरूर, २७ डिसेंबर २०२५

हौसराव आप्पा,

सलाम.

तुमच्या पिकअपवाल्यानं निरोप दिला: माळावर काय काय मोडलं ते कळवा, गाव भरून देईल. भरून देता येईल असं त्यात थोडंच आहे, पण विचारलंत म्हणून लिहितो. माझ्या हातानं बनवलेल्या आणि त्या रात्री मोडलेल्या वस्तू अशा:

ताऱ्यांमागे फिरणारी पाटी. मिशन शाळेच्या जुन्या बाकाच्या दोन सागवानी फळ्या, मध्ये दाराची बिजागरी, खाली बंद पडलेल्या प्रिंटरची मोटर. पृथ्वी जेवढी फिरते तेवढीच ही उलट फिरायची, म्हणजे फोटोत तारा ठिपक्याचा ठिपका राहतो. बाजारात तयार मिळते. माझी तिच्यापेक्षा कमी थरथरायची.

भिंग उबदार ठेवणारा पट्टा. थंडीत भीमेकडेला मध्यरात्रीनंतर भिंगावर दव धरतं आणि सगळी रात्र पाण्यात जाते. जुन्या शर्टाच्या कॉलरमध्ये, वीज दिली की तापणारे बारके रेझिस्टर शिवले होते. शिलाईसुद्धा माझी. ग्लॅडिस म्हणाली होती मी शिवून देते, पण बायको असली तरी तिचे टाके लांब पडतात.

बॅटरीची पेटी. कॅमेऱ्याचं बटण आपोआप दाबत राहणारं सर्किट. आणि लाल काचेची टॉर्च. पांढरा उजेड एकदा डोळ्यावर पडला की अंधाराला सरावलेली नजर जाते, परत यायला अर्धा तास लागतो. म्हणून लाल.

कॅमेरा मी बनवलेला नाही, म्हणून यादीत नाही. जबडाही मी बनवलेला नाही. तो तीन ठिकाणी मोडलाय. दात तारेनं आवळून बांधलेत, नळीनं वरणाचं पाणी ओढतो. बोलता येत नाही आणि मोबाईल पोलिसांकडे जमा आहे, म्हणून हे हातानं लिहिलेलं.

तुम्ही त्या रात्री पुण्याला लग्नात होतात. गावात प्रत्येकानं तुम्हाला वेगळं सांगितलं असेल, म्हणून झालं ते नीट लिहितो.

परवानगी तुम्हीच दिली होतीत. "जावा की, माळ काय माझ्या बापाचा हाय? हाय म्हणा बापाचाच, पर जावा," असं म्हणाला होतात. त्याप्रमाणे तेरा तारखेला अंधार पडताच ईश्वरनं त्याचा टेम्पो माळाखाली लावला. ईश्वर तुम्हाला ठाऊक आहे. सात वर्षं माझं सामान वाहतोय, भाडं डिझेलपुरतं घेतो. उल्का दिसली की "गेली!" म्हणून ओरडायची त्याला सवय. त्या रात्री उल्का जिथून सुटतात ती मिथुन रास पूर्वेला वर आली आणि तो सारखाच ओरडायला लागला. म्हणाला, "मालक, वरची जत्रा सुटलीय जणू." चंद्र दोनच्या पुढे उगवणार होता. तोवरचा अंधार आमचा होता.

ते खालच्या बाजूनं आले. तीस असतील, चाळीस असतील. आधी दगड आले, मग माणसं. "ए ड्रोनवाल्या! रिमोट कुठाय?" मी पाटी दाखवली, म्हटलं हे तारे बघायचं आहे. नेमकी तिची मोटर गुणगुणत होती. एक जण म्हणाला, "आयला, ह्ये आपसूक वर बघून फिरतंय!" आणि तिच्यावर पहिला लोखंडी पाईप बसला. दुसरा माझ्या तोंडावर. हाड फुटताना आवाज आपल्याच कानात आतून येतो, हे मला माहीत नव्हतं. मी खाली पडलो तर कोणीतरी बोटांवर बूट देऊन उभा राहिला आणि वळला.

ईश्वर माझ्यावर आडवा पडला. त्याच्या पाठीवर काठ्या गोणीवर पडाव्यात तशा पडत होत्या. तो ओरडत होता, "हौसराव आप्पांना फोन लावा! आप्पांना इचारा! आप्पांनी सांगितलंय!" पुन्हा पुन्हा हेच. मग त्याच्या डोक्यावर दगड टाकला आणि तो गप्प झाला.

तो अजून शुद्धीवर नाही. माया, त्याची बायको, कॉटशेजारी फरशीवर झोपते.

तुम्ही गावात असतात तर एका शब्दात थांबलं असतं. हे मी ग्लॅडिसला रोज लिहून दाखवतो.

आपला,
हेन्री

*

३० डिसेंबर

हेन्रीभाऊ, रामराम.

तुमचं पत्र वाचलं. म्या पुण्यात लग्नाच्या पंगतीत जिलबी खातोय आन् हिकडं माझ्याच माळावर माझ्या माणसाचं तोंड फोडत्यात. पोरांना एकेकाला उभं करून थोबाडलं. पृथ्वीराजला, माझ्या पोराला, तर पायताणानं हाणला. तो म्हनतो, आबा, म्या मागं हुतो, म्या हात न्हाई लावला.

पर त्यांचं बी ऐका. दोन महिनं झालं, रातच्याला वर लाल-हिरवं दिवं फिरत्यात. ड्रोन घर बघून जातो आन् मागनं चोर येत्यात, आसं समदी पंचक्रोशी बोलती. ताईबाईच्या वस्तीवर म्हातारीचा कान तोडून फुलं नेली. बाया रातभर जाग्या. गस्त घातली न्हाई तर करायचं काय मान्सानं? त्यात तुमचा लाल दिवा. माळावर लाल दिवा दिसला की हितं काळजात धस्स हुतं.

ईश्वरच्या दवाखान्याचं म्या बघतो. मायाला सांगा काळजी करू नगं.

एक सांगतो, राग मानू नगा. पोलिसाला नावं सांगताना दहादा इचार करा. अंधारात कोण वळकू येतंय? भलत्याचं नाव गेलं तर गाव पेटंल, आन् तुमचं बी घर शिरूरात हाय, चंद्रावर न्हाई.

त्ये तुटत्या ताऱ्यांचं फोटू काय आलं का वो, का समदंच गेलं? कॅमेऱ्याचा भुगा झाला म्हनत्यात.

तुमचा
हौसराव

*

शिरूर, ४ जानेवारी २०२६

हौसराव आप्पा,

सलाम.

ईश्वर परवा पहाटे गेला. घोडनदीच्या काठावर अग्नी दिला. कवटी शिवलेली होती, म्हणून चेहरा उघडा ठेवला नाही. मायानं तोंड बघू द्या म्हणून दोन माणसांना ओरबाडलं. तुम्ही पैसे पाठवलेत ते तिनं घेतले, कारण दवाखान्याचं बिल भरल्याशिवाय निघता येत नव्हतं.

तुम्ही लिहिलंत, अंधारात कोण ओळखू येतंय. खरं आहे. मी नावं सांगितली नाहीत, कारण मला एकही चेहरा आठवत नाही. माझ्या डोळ्यात रक्त होतं. पोलिसांच्या कागदावर "अज्ञात जमाव" आहे. उद्या कोर्टातही अज्ञात जमावच उभा राहील आणि घरी जाऊन जेवेल. रात्री पडल्या पडल्या मी मनात एकेकाचे हात मनगटापासून पकडीत धरून पिरगाळतो. बायबल उशाशी आहे. उघडलं नाही.

फोटोंचं विचारलंत. तुमच्याशिवाय कोणी विचारलं नाही, ग्लॅडिसनंसुद्धा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उल्केचा फोटो म्हणजे समोरच्या वस्तूचा फोटो नव्हे. ती कुठं पडणार हे ठाऊक नसतं. दिसल्यावर बटण दाबाल तर ती विझलेली असते. म्हणून भिंग उघडं टाकून बसायचं. वीस सेकंद उघडं, बंद, लगेच पुन्हा वीस. रात्रभर. बहुतेक फोटो रिकामे. त्यात दव, त्यात थंडीनं बॅटरी बसते, त्यात दूरच्या हमरस्त्यावरचा एखादा ट्रक वळला की क्षितिज पांढरं होतं. लोक मोबाईल वर करतात आणि म्हणतात आलं नाही. कसं येईल?

आता यादीत नव्हती अशी एक वस्तू सांगतो. मोडली नाही म्हणून यादीत नव्हती. फराळाच्या स्टीलच्या डब्यात मी दुसरा, लहान कॅमेरा बसवला आहे. झाकणाला भोक पाडून वर प्लास्टिकचा घुमट, ओव्हनमध्ये गरम करून मीच फुगवलेला. भिंग माशाच्या डोळ्यासारखं, अख्खं आकाश आणि कडेनं सगळं क्षितिज घेतं. तो डबा मी दगडांच्या राशीत ठेवला होता, पूर्वेकडे थोडा कलता. त्यांनी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याच्या वेळी हवालदारानं जेवणाचा डबा समजून ग्लॅडिसच्या हातात दिला. म्हणाला, "बाई, घासून ठेवा."

बॅटरी संपेपर्यंत तो चालू होता. कार्ड शाबूत आहे. अजून पाहिलं नाही. उजव्या डोळ्याची सूज उतरली की बघेन. फार आशा धरू नका. वीस सेकंदांच्या फोटोत हलणारं माणूस उमटत नाही, धुरासारखं पुसून जातं. मारणारा हलतोच. अगदी एका जागी खिळून उभा राहिलेला असेल तोच चेहऱ्यासकट येतो, आणि अशा वेळी खिळून कोण उभं राहणार?

उल्का मात्र आल्या असतील. ईश्वर ओरडला होता त्या सगळ्या.

हेन्री

*

६ जानेवारी

हेन्रीभाऊ,

ईश्वरची बातमी कळली. लई गुणी मानूस.

त्या कार्डाचं म्हनाल तर तुमचा डोळा सुजलेला, कशाला ताण देता? पुण्यात माझ्या वळखीचा मानूस हाय, शिनेमाचं काम करतो. त्यो समदं साफ करून, मोठं करून, फ्रेम लावून दील. पिकअपवाला पोरगा सकाळी येतोय, त्याच्या हातात द्या. पाकिटात घालून, वर माझं नाव टाकून. दुसऱ्या कुनाला दावू नगा तोवर. हल्ली कोन काय इपरीत अर्थ काढंल सांगता येत न्हाई.

द्या पर नक्की.

हौसराव

*

शिरूर, १२ जानेवारी

हौसराव,

पिकअपवाल्या पोराला मी कार्ड दिलं नाही. दुकानात फोटो पाहिले की स्वतः आणून देतो, असं शाळेच्या पाटी-पेन्सिलीनं लिहून दाखवलं होतं. तो परत गेला आणि नऊ तारखेला रात्री माझा स्टुडिओ फुटला. शटर कटावणीनं उचकटलं. कॉम्प्युटर नेला, तीन कॅमेरे नेले, स्टीलचा डबा नेला. उरलेल्या सामानावर पेट्रोल ओतून पेटवलं. मी वर माडीवर झोपलो होतो. बांधलेल्या तोंडानं ओरडता येत नाही. मी जिन्यातून खाली आलो तर एकानं मागून माझ्या गळ्यात वायर टाकली आणि विचारलं, "कार्ड?" मी मान हलवली. त्यानं वायर आवळली. डोळ्यापुढे अंधार आला आणि त्या अंधारात ठिपके दिसले. मला हसू आलं असतं, पण जबडा उघडत नाही. मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर मागे खुपसला. मांडीत गेला बहुतेक. मुठीपर्यंत गेला. वायर सुटली आणि ते पळाले. तुमच्या वाडीत आज कोण लंगडतंय ते तुम्हाला माहीत असेल.

कार्ड डब्यात नव्हतंच. ते ग्लॅडिसच्या पर्समध्ये होतं, तिच्याबरोबर दवाखान्यात रात्रपाळीला गेलेलं. फोटो मी आठ तारखेलाच पाहिले होते. पाहून मी चार दिवस तुम्हाला लिहिलं नाही.

आता काय आलंय ते ऐका.

आधी उल्का. भरपूर. एक तर हिरवी, आकाशाच्या निम्म्यापर्यंत गेलेली, शेवटाला फुटलेली. माझ्या हातून एवढा चांगला फोटो याआधी निघाला नाही.

मग कडेला खालून उजेड चढतो. मग दोन पांढरे गोळे, जीपचे दिवे. पुढच्या फोटोत माझी पाटी असते, त्याच्या पुढच्यात नसते. जमाव जिथं आहे तिथं नुसता धूर. तीस-चाळीस माणसांचा एक करडा ढग आणि त्यात बॅटऱ्यांच्या रेघांचा गुंता. एकही हात नाही, एकही पाईप नाही. जमिनीवर आम्ही दोघं. मी अर्धवट पुसलेला, कारण मी तडफडत होतो. ईश्वर आधी पुसट. मग एका फोटोत एकदम स्पष्ट. त्यापुढे सगळ्यांत स्पष्टच.

आणि ढगाच्या अलीकडे, जीपच्या बॉनेटला टेकून, एक माणूस. टोपी, मफलर, मिशी. डावा हात कोपरातून वाकडा, मळणीयंत्रात गेल्यापासून सरळ होत नाही तो. शेजारच्या कोणाच्या तरी बॅटरीचा उजेड तोंडावर. सलग अकरा फोटो. अकराही फोटोंत जागा तीच, मानेचा कोन तोच. तुमची भुवईसुद्धा हललेली नाही, हौसराव. पासपोर्टसाठी येणारी माणसं माझ्या दुकानात अर्धा सेकंद नीट बसत नाहीत.

ईश्वर तुमचं नाव घेऊन ओरडत होता. तुमच्या आणि त्याच्या मध्ये बैलगाडीएवढं अंतर होतं.

पुण्यातलं लग्न मला सांगू नका. मला एकच सांगा. तोंड का उघडलं नाही?

हेन्री

*

१५ जानेवारी

हेन्रीभाऊ,

ह्ये पत्र वाचून जाळून टाका.

व्हय. म्या उभा हुतो.

लग्नाला गेलोच हुतो, पर लवकर फिरलो. फाट्यावर पोरांचा फोन आला, माळावर लाल दिवा दिसतोय, आबा या. तुम्ही वर हाय ह्ये मला ठावं हुतं. म्हनलं जाऊन सांगतो, हसून सोडून देऊ. जीप थांबवली तवा पहिला पाईप पडून गेला हुता. पाईप कुनाच्या हातात हुता त्ये तुम्हाला फोटूत दिसत न्हाई, मला दिसला. माझ्या पोराच्या.

गस्त म्याच उभी केली, भाऊ. देवळाच्या माईकवर म्याच बोललो, चोर घावला तर पोलिसाची वाट बघू नगा, हातपाय मोडून ठेवा. पंधरा दिस त्येच बोलतोय. पृथ्वीराज जिल्हा परिषदेला उभा ऱ्हायचा, त्याचं नाव गस्तीमुळंच झालं. आन् गावात आधीच कुजबूज, ड्रोनमागं कुनीतरी मोठा मानूस हाय. तवा त्या गर्दीत म्या म्हनलो असतो, थांबा, ह्यो माझा मानूस हाय, म्याच बसवलाय, तर काय झालं असतं? तुम्ही त्यांची तोंडं बघितली न्हाईत. म्या बघितली. रक्त लागलेली. त्यांनी मलाच धरला असता. माझ्या पोराला धरला असता. ईश्वर माझं नाव घेत हुता तवा चार जन माझ्याकडं वळून बघायला लागलं हुतं. मला वाटलं, आता ह्यानं गप्प बसावं. आसं वाटलं. दगड पडला तवा सुटल्यागत वाटलं. ह्ये कुनाला सांगायचं? म्हनून तुम्हाला सांगतो.

दुकान म्या पेटवाया सांगितलं न्हाई. कार्ड आना एवढंच म्हनलो. लंगडा कोन हाय इचारता, तर त्यो बी घरातलाच.

आता येव्हाराचं बोलू. ईश्वर काय माघारी येत न्हाई. माझं पोरगं वाचू शकतं. फोटूत म्या हाय, म्हंजी पोलिस मला उचलत्याल, मला उचललं की म्या किती दिस गप्प ऱ्हाईन? वाकड्या हाताचा म्हातारा हाय. पहिल्या तडाख्याला नाव घीन.

तुम्हाला हयातभर अंधार पायजे हुता ना? देतो. काय देतो त्ये निरोप आननाऱ्यानं सांगितलंच असंल, लिहीत न्हाई. मायाचं येगळं बघतो. त्यात तुमचं दुकान उभं ऱ्हाईल, जबडा नीट हुईल. न्हाई म्हनाल तर मग माझ्या हातात काय उरत न्हाई. वाडीतली पोरं माझं बी ऐकत न्हाईत आता. ग्लॅडिसबाई रातपाळीला एकट्या जात्यात, ह्ये त्यांना म्हाईत हाय.

हौसराव

*

शिरूर, १८ जानेवारी

हौसराव,

पत्र जाळलं नाही. आधीच्या पत्रांबरोबर तेही दिलं.

काल सकाळी ग्लॅडिस, माया आणि मी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात न जाता थेट पुण्याला वरच्या साहेबांकडे गेलो. मला बोलता येत नाही, म्हणून मायानं बोलायचं ठरलं होतं. ती पाच वाक्यं बोलली आणि मग तिनं साहेबांच्या टेबलावर अकरा फोटो एकाशेजारी एक मांडले. मी दुसऱ्याच्या स्टुडिओत मोठे करून, कडा सरळ कापून नेले होते. साहेब बराच वेळ ढगाकडेच बघत राहिले. सगळे ढगाकडेच बघतात. मग मायानं तुमच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ह्यांना इचारा. ह्यांनी नीट बघितलंय."

कार्ड त्यांच्या ताब्यात आहे. नकला वकिलाकडे आहेत. तुमच्या पोरांना सांगा, आता मला किंवा ग्लॅडिसला मारून हाती काही लागणार नाही. तरी यायचं असेल तर या. ग्लॅडिसची रात्रपाळी मी बदलून घेतलेली नाही. मी रोज तिला न्यायला आणि आणायला जातो. पिशवीत लोखंडी पाना असतो, तोही मीच घडवलेला, आणि आता माझे दोन्ही डोळे उघडे आहेत.

तुम्ही लिहिलंत, पहिल्या तडाख्याला नाव घ्याल. तडाखा बसायच्या आधी घ्या. तुमचा मुलगा आहे हे मला समजतं. ईश्वरही कोणाचा तरी होता, आणि तो तुमचा कोणी नसताना त्यानं नाव तुमचंच घेतलं.

हिरव्या उल्केचा फोटो मी कुठं पाठवणार नाही. पाठवला असता तर बक्षीस लागलं असतं, हे मी माझ्या मोठेपणासाठी सांगत नाही, तो तेवढा चांगला आहे. पण ती फुटते त्याच्या पुढच्याच फोटोत तुमच्या जीपचे दिवे आहेत.

तुमच्या निरोप्यानं दारात उभं राहून जे सांगितलं ते इथं लिहून ठेवतो, उद्या कोणी कमीजास्त सांगायला नको. मी मान हलवून नाकारलं, मग कळलं नसेल तर म्हणून पाटीवर लिहून नाकारलं. देकार असा होता: चिंचमाळाची वरची एक एकर माझ्या नावावर, खरेदीखत तुमच्या खर्चानं, तिथं आकाश बघायला दगडी खोली, सरकत्या छपराची, माळाच्या चारी बाजूंना तुमच्या वस्त्यांवर रात्री एकही दिवा लागणार नाही असा शब्द, आणि रोख एकवीस लाख रुपये.

हेन्री